मास्क आणि शेवटचा दिवस

मालदीवला डायव्हिंगला जाताना काय काय न्यावं, या प्रश्नावर कपडे, सनस्क्रीन वगैरे इतरांनी सांगितलंच आहे. मला डोळे-नाक झाकणाऱ्या, काचेच्या डायव्हिंग मास्कबद्दल सांगायचंय. पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवा, नाकानं हलका श्वास ओढा. हात सोडल्यावरही चिकटून राहिला तर तो तुमच्या मापाचा. मिशी दाट असेल तर नाकाखालची थोडी कापा, पाणी तिथूनच शिरतं. नव्या काचेवर सिलिकॉनचा पातळ थर असतो, त्यामुळे ती आतून धुरकटते. आतून पांढरी टूथपेस्ट लावून अंगठ्यानं चोळा, धुवा, पुन्हा चोळा. मी हे केलं नव्हतं. समोरून कासव गेलं आणि मला नुसतं धुकं दिसलं, आजही हळहळ वाटते.

टॉर्चच्या लिथियम बॅटऱ्या केबिन बॅगेतच ठेवा. दमा असेल तर डॉक्टरांचं पत्र इथूनच घ्या.

परतीच्या विमानाआधी किमान १८ तास डाइव्ह नको. आणि आधी तारकर्लीला सराव करणार असाल, तर त्याच संध्याकाळी गगनबावड्याचा घाट चढून कोल्हापूर गाठू नका. पाण्याखाली अंगात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो. त्याआधीच हवेचा दाब कमी झाला तर त्याचे अंगात बुडबुडे होऊ शकतात, आणि दाब विमानासारखाच घाटातही कमी होतोच. रात्री मालवणात मुक्काम करा, सकाळी निघा.