मदत हवी आहे : पहिल्या महायुद्धात मृत्यू पावलेले मुंबईकर वैमानिक लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर

नमस्कार मंडळी,

आमच्या वाचनालयाच्या दर्शनी भिंतीवर दर महिन्याला एक माहितीफलक लावला जातो. जून महिन्याच्या फलकासाठी मी लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर यांचे नाव सुचवले आणि ते मान्यही झाले. मात्र मजकूर जुळवायला बसल्यावर हाताशी फार थोडे साहित्य आहे असे लक्षात आले, म्हणून हा धागा.

वेलिणकर मुंबईचे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिशांच्या बाजूने लढाऊ विमान चालवणाऱ्या मोजक्या भारतीयांपैकी ते एक. ते रॉयल एअर फोर्स या ब्रिटिश हवाई दलाच्या २३ व्या स्क्वाड्रनमध्ये (विमानपथकात) सॉपविथ डॉल्फिन हे विमान चालवत असत. जून १९१८ च्या अखेरीस फ्रान्समधील आघाडीवर ते उड्डाणाला गेले आणि परतले नाहीत. त्यांचा मृत्युदिनांक ३० जून १९१८ असा नोंदलेला असून सोम विभागातील हँगार्ड या खेड्याच्या युद्धदफनभूमीत त्यांची कबर आहे.

त्यांच्यानंतर तीनच आठवड्यांनी, २२ जुलै रोजी, कोलकात्याचे इंद्रलाल रॉय त्याच आघाडीवर मारले गेले. रॉय अवघे एकोणीस वर्षांचे होते, आणि त्याआधीच्या जेमतेम दोन आठवड्यांत दहा हवाई विजय त्यांच्या नावावर नोंदले गेले होते. त्यांना मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हे शौर्यपदक मिळाले, भवानीपूरमध्ये त्यांच्या नावाचा रस्ता आहे आणि भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीटही काढले. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख सुब्रतो मुखर्जी हे त्यांचे भाचे, त्यामुळे घराण्यातही त्यांची आठवण जागती राहिली. कोलकात्याने आपला मुलगा लक्षात ठेवला. मुंबईने आपला ठेवला का, हा माझा खरा प्रश्न आहे.

फलकावर विमानाचे वर्णन मी आवर्जून देणार आहे, कारण केवळ ‘विमान पाडले गेले’ असे लिहिल्याने वाचणाऱ्याला काहीच कळत नाही. डॉल्फिनचे वरचे पंख मधोमध एका उघड्या चौकटीने जोडलेले असत आणि बसलेल्या वैमानिकाचे डोके त्या चौकटीतून पंखांच्या वर निघे. त्यामुळे वरचे आकाश त्याला इतर विमानांपेक्षा कितीतरी चांगले दिसे, पण उतरताना विमान नाकावर पालथे झाले तर सगळा भार डोक्यावर येण्याचे भय असे. पॅराशूट त्या वेळी ब्रिटिश वैमानिकांना दिलेच जात नसे. शिवाय भारतीय तरुणाला वैमानिकाच्या या आसनापर्यंत पोहोचणेच अवघड होते, कारण अधिकाऱ्याचे पद युरोपीय वंशाच्या उमेदवारांसाठी राखल्यासारखे होते. त्याच युद्धातले दुसरे भारतीय वैमानिक हरदित सिंग मलिक यांना तर आधी फ्रेंचांसाठी रुग्णवाहिका चालवावी लागली आणि ते फ्रेंच हवाई दलात जाण्याच्या बेतात आहेत असे दिसल्यावरच, ऑक्सफर्डमधील त्यांच्या अध्यापकांच्या रदबदलीने, ब्रिटिशांनी त्यांना घेतले.

आता मला काय हवे आहे ते सांगतो. वेलिणकर कुटुंब मुंबईत कोणत्या भागात राहत होते आणि श्रीकृष्ण कोणत्या शाळेत शिकले, हे कोणाला घरच्या कागदपत्रांवरून ठाऊक आहे का? आडनावावरून गोव्यातील वेलिंग गावाकडे बोट दाखवता येईल, पण आडनाव हा पुरावा नव्हे, त्यामुळे तेवढ्यावर मी काही लिहिणार नाही. जर्मनांनी त्यांना पुरले तेव्हा क्रुसावरील नाव विपरीत लिहिले गेले आणि त्यामुळे युद्धानंतर कबरीची ओळख पटण्यास वेळ लागला, असेही वाचनात आले आहे. छापण्यापूर्वी त्याला मूळ कागदाचा आधार हवा आहे. छायाचित्र मिळाले तर उत्तमच. मुंबईत एखाद्या शाळेत, महाविद्यालयात किंवा ज्ञातिसंस्थेत त्यांच्या नावाची पाटी कोणी पाहिली असल्यास कृपया कळवावे.

एक विनंती आधीच करून ठेवतो. हा माणूस साम्राज्यासाठी मेला, मग त्याचे स्मरण कशाला, हा वाद येथे नको. त्याच उन्हाळ्यात खुद्द गांधीजी खेडा जिल्ह्यात गावोगाव सैन्यभरतीचा प्रचार करत होते, आणि भारतीयांना लष्करात अधिकारपदे मिळावीत ही मागणी राष्ट्रीय राजकारणात ऐरणीवर होती. त्या काळाचे गणित आजच्या घोषणांनी सुटणारे नाही.

प्रतिसाद

विषय छान निवडला आहे. कबरीच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा आपल्याला घरबसल्या मिळेल. युद्धात मेलेल्यांच्या कबरींची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधले की त्या व्यक्तीच्या पानावर नेहमीच्या नोंदीखेरीज जुन्या कागदांच्या प्रतिमाही जोडलेल्या असतात. त्यांत कबर एका जागेहून दुसऱ्या जागी हलवल्याचा तक्ता असेल तर तो आधी पाहावा, कारण मूळ जागा, तेथे क्रूस होता का आणि ओळख कशावरून पटली, हे त्याच्या रकान्यांत लिहिलेले असते. दुसरा तक्ता शिळेवर कोरायच्या मजकुराचा असतो. शिळेवर स्वतःची ओळ घालण्याची मुभा घरच्यांना होती, तिची मर्यादा ६६ अक्षरांची होती आणि दर अक्षराला साडेतीन पेन्स आकार मागितला जात असे. म्हणून अशी ओळ ज्याने निवडली त्याचे नाव आणि पत्ता पुष्कळदा त्याच तक्त्यात सापडतो. वेलिणकरांच्या बाबतीत तो मिळाला, तर मुंबईतील घराचा माग तिथूनच लागेल.

सेवेचा तपशील लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये ‘एआयआर ७६’ या मालिकेत पाहावा. हवाई दलाच्या अधिकाऱ्यांच्या नोंदी तेथे आहेत आणि त्यांचे संगणकीकरण झालेले आहे. रॉयल एअर फोर्स म्युझियमने अधिकाऱ्यांची अपघात व मृत्यूविषयक पत्रकेही खुली केली आहेत. रॉयल एअर फोर्स १ एप्रिल १९१८ रोजी अस्तित्वात आले, त्यामुळे त्याआधीचे कागद रॉयल फ्लाइंग कोअरच्या नावाखाली असतील. शोधताना आद्याक्षरे उलटसुलट करून पाहावीत आणि आडनाव एका ‘एल’ने, दोन ‘एल’ने, मध्ये ‘जी’ घालून व न घालता, असे सगळ्या तऱ्हांनी टाकावे.

प्रतिसाद

वरील प्रतिसादात मुंबईपुरती भर घालतो. वृत्तपत्रांसाठी ३० जूनच्या आसपासचे अंक पाहून थांबू नये. उड्डाणावरून न परतलेला अधिकारी आधी ‘बेपत्ता’ म्हणून जाहीर होई आणि मृत्यूची खात्री होण्यास कधीकधी महिने लागत, म्हणून १९१८ चे वर्ष संपेपर्यंतचे अंक चाळावे लागतील. टाइम्स ऑफ इंडिया आणि बॉम्बे क्रॉनिकल तर पाहावेच, पण मासिक मनोरंजनचे त्या वर्षाचे अंकही सोडू नयेत, कारण मराठी मध्यमवर्गातील कर्त्या माणसांची छायाचित्रे तेथे छापली जात. एक अडचण सांगून ठेवतो : जून १९१८ मध्येच मुंबईत इन्फ्लुएन्झाची साथ आली, नंतरच्या महिन्यांत तिने भयंकर रूप घेतले, आणि तिच्या बातम्यांच्या गर्दीत चार ओळींचे निधनवृत्त नजरेतून सहज सुटते. काळा घोडा येथील राज्य पुराभिलेखागारात जाण्यापूर्वी कोणत्या खात्याचे आणि कोणत्या वर्षाचे दफ्तर हवे ते लिहून न्यावे. नुसते आडनाव सांगून तेथे काही हाती लागत नाही.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. शिळेच्या तक्त्यावर घरच्यांचा पत्ता असू शकतो, हे मला ठाऊक नव्हते. सुरुवात तिथूनच करतो, आणि पत्ता मिळाला तर १९१८ च्या उत्तरार्धातील अंक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून चाळतो. क्रुसावरील नावाची गोष्ट कागद हाती येईपर्यंत फलकावर घेणार नाही.

आता एवढेच मागणे उरले आहे. पॅरिसमध्ये किंवा उत्तर फ्रान्समध्ये राहणाऱ्या कोणा सभासदाचे आमियाँच्या बाजूला जाणे होणार असेल, तर शिळेचे एक स्वच्छ छायाचित्र हवे आहे. हँगार्ड हे खेडे आमियाँच्या आग्नेयेस, व्हिलेर-ब्रेतोनोजवळ आहे. आमियाँपर्यंत रेल्वे आहे, पुढे गाडी करावी लागेल. शिळेवरील अक्षरे वाचता येतील इतक्या जवळून एक आणि आजूबाजूच्या ओळी दिसतील असे एक, अशी दोन छायाचित्रे मिळाली तर फलकाचे काम भागेल. ती छायाचित्रकाराच्या नावासह लावू आणि मे महिन्याच्या मध्यापर्यंत आली तर छपाईला वेळेत देता येतील.