प्रति: समीक्षकांचे गुण आणि नवे अल्बम

'समीक्षकांकडून दहापैकी सहाच्या खाली गुण पडले की तो अल्बम मी ऐकतच नाही', असं इथे एकानं म्हटलंय. घाई होतेय हो! डाफ्ट पंक या फ्रेंच इलेक्ट्रॉनिक जोडीच्या 'डिस्कव्हरी'ला 2001 मध्ये पिचफोर्क या संगीत-समीक्षेच्या संकेतस्थळानं जेमतेम 6.4 दिले होते; 2021 मध्ये त्यांनीच ते बदलून थेट 10 केले. अल्बम तोच, सूरही तेच, कान मात्र वीस वर्षं मुरलेले. नवा अल्बम आला की समीक्षकाला चार-दोन दिवसांत मजकूर द्यायचा असतो. जॅझ किंवा मेटल तेवढ्यात कुठलं उलगडायला? (पॉपचं एकवेळ जमतं.) मी आधी ऐकतो, परीक्षण मागाहून वाचतो, आणि तेही मजकुरासाठी. बेस गिटार मिक्समध्ये (सगळ्या वाद्यांच्या एकत्रित आवाजात) कुठे दबलीय हे सांगणारा समीक्षक मला आकड्यापेक्षा जास्त उपयोगी पडतो.