गमबुटांचे साहेबी बूट करायचेत, सन १७५६च्या नाटकासाठी

फॉलपिको_गिर्ये

नमस्कार मंडळी. माघात आमच्या वाडीची सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा असते आणि रात्री नाटक. यंदा पोरांनी स्वतःच लिहिलंय, विजयदुर्ग पडला त्यावर. तुळाजी आंग्रे, त्यांची माणसं, पेशव्यांचा वकील यांचे कपडे जमले. जुन्या साड्यांचे जरीकाठ, घरातली धोतरं, मांजरपाटाच्या बंड्या, सगळं झालं. घोडं अडलंय ते इंग्रजांपाशी. एक आरमाराचा वॉटसन, एक क्लाइव्ह आणि दोन गोरे शिपाई असे चारजण उभे करायचे आहेत.

भाड्याने आणायचे नाहीत हे आमचं ठरलंय. मागे आणलेल्या कोटांच्या बाह्या बोटांपर्यंत यायच्या, खांद्यांवर पिवळ्या झालरी लोंबायच्या, आणि साहेब रंगमंचावर आला की लग्नातला बँडवाला आल्यासारखं वाटायचं. आमच्याकडे पहिल्या रांगेत बसणारी म्हातारी माणसं ही गोष्ट आपल्या आज्यांकडून ऐकत आलीत. गोदी गावातच आहे, किल्ला रोज डोळ्यांसमोर. तो ज्यांनी घेतला तो शत्रू निदान खरा दिसावा, एवढीच माझी इच्छा आहे.

हाताशी आहे ते सांगते. मुंबईहून आलेला एक नेव्ही ब्लू ब्लेझर, त्याच मापाचा एक मरून, लाल जाड पडदा, पांढरं केसमेंट (सुती कापड) भरपूर, आणि शेतात घालायचे काळे गमबूट चार जोड. मशीन पायाची आहे, जीनच्या पँटींची उंची कमी करते तिच्यावर, म्हणजे जाड कापडाची सवय आहे. पण रेक्झिनला मी कधी हात लावलेला नाही.

गमबुटांना वरून तपकिरी रेक्झिनची उलटी पट्टी शिवली आणि बाकी बूट ऑइलपेंटने रंगवले तर चालेल का? आणि ब्लेझर कमरेपर्यंतच आहे, तो गुडघ्यापर्यंत लांब कसा करू? झग्यासारखा दिसायला नको.

जुनी_गलबतं

ताई, शिवणातलं मला कळत नाही, पण कपड्यांचं आधी ठरवून घ्या, म्हणजे अर्धं काम कमी होईल.

तुमचा वॉटसन आरमाराचा. इंग्लंडच्या आरमारात अधिकाऱ्यांना ठरावीक गणवेश मिळाला तोच १७४८ साली. निळा कोट, त्यावर पांढरं आणि सोनेरी काम. म्हणजे विजयदुर्गावर तोफा डागल्या तेव्हा तो गणवेश नवाच होता. तुमचा निळा ब्लेझर तिथे चपखल बसतो. क्लाइव्ह मात्र ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेचा लेफ्टनंट कर्नल, त्याला लाल. पडदा त्याच्यासाठी राखा.

खांद्यावरच्या झालरी तुम्ही काढताय ते अगदी बरोबर. इंग्रज आरमारात त्या १७९५ साली आल्या, या प्रसंगानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी. टोपी तीन बाजूंनी वर मुडपलेली हवी, दोन टोकांची आडवी टोपी नंतरच्या काळातली. नाटकात साधे खलाशी असतील तर त्यांना कसलाच गणवेश देऊ नका. आरमाराने खलाशांना गणवेश दिला १८५७ साली. तोवर सैल विजारी, चौकड्यांचे सदरे, गळ्यात रुमाल, मिळेल ते.

आता बुटांचं. जहाजावरचा अधिकारी गुडघ्यापर्यंत बूट घालून हिंडत नसे. पांढरे लांब मोजे आणि बक्कल लावलेले काळे बुटके जोडे. उंच बूट घोड्यावर बसणाऱ्याचे. म्हणजे वॉटसनला गमबूट नकोतच. क्लाइव्हने फौज किनाऱ्यावर उतरवली होती, त्याला उंच बूट दिले तर शोभतील. आणि शिपायांच्या पायांत जोडे व त्यावर गुडघ्याच्या वर जाणारी कापडी गेटर असायची, बाहेरच्या बाजूने बटणांची रांग.

कातर_रत्नागिरी

वरच्या भाऊंनी माझं काम सोपं केलं. मी नमन मंडळांचे कपडे शिवतो, आमच्या आधी वडील शिवायचे. ताई, गमबुटावर सुई चालवू नका. ते प्लास्टिक शिवणीच्या रेघेवर चिरतं. पोरगा पहिल्यांदा गुडघा वाकवून खाली बसला की भोकाला भोक मिळून पट्टी हातात येईल. ऑइलपेंटही नको. घोट्याशी बूट वाकतो तिथे पापुद्रे सुटतात आणि दिव्यात ते पहिल्या रांगेला दिसतात.

त्यापेक्षा बूट शिवूच नका, बुटाचा वरचा भाग शिवा. मुलाचे रोजचे काळे लेदरचे बूट असतील, नाहीतर भावाचे ऑफिसचे, ते पायात घालायचे आणि त्यावर रेक्झिनची नळी चढवायची. शिपायांसाठी हीच नळी कापडाची केली की गेटर झाली. एकाच पॅटर्नमध्ये तिघांचे पाय होतात.

पॅटर्न असा काढा. मुलाला बूट घालून उभा करा. गुडघ्याच्या वर चार बोटांपासून बुटाच्या पुढच्या भागापर्यंत जुना मोजा किंवा प्लास्टिकची पातळ पिशवी गुंडाळा आणि त्यावर रुंद चिकटपट्टी तुकड्यातुकड्याने चिकटवा. आवळू नका. पोटरी उभ्याने फुगते, म्हणून माप बसून घ्यायचं नाही. मग स्केच पेनने मागच्या बाजूला पोटरीच्या मध्यावरून टाचेपर्यंत सरळ रेघ ओढा, पुढे नडगीवरून पायाच्या पाठीवर दुसरी. दोन्ही रेघांवर कापलं की दोन तुकडे सपाट होतात. ते वर्तमानपत्रावर ठेवून आखायचे, समोरच्या शिवणीला अर्धा इंच जास्त, मागच्या बाजूला दीड इंच, कारण मागे उघडझाप लागते. पावलावर येणारा भाग जिभेसारखा पुढे काढा, बुटाची नाडी पूर्ण झाकली पाहिजे. नाडी दिसली की सोंग फुटलं.

आता रेक्झिन. शक्यतो पातळ आणि मागे विणलेलं कापड असलेलं घ्या, सोफ्याचं जाड नको. टाचण्या लावायच्या नाहीत, पडलेलं भोक तसंच राहतं. कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. टाका मोठा, चार मिलिमीटर तरी. बारीक टाका घातलात तर भोकं जवळजवळ येऊन रेक्झिन त्याच रेघेवर फाटेल. चामड्याची सुई मिळते, टोकाला धार असलेली, सोळा नंबरची आणा. ती नसेल तर जीनची चालेल. मशीनचा पाय रेक्झिनला चिकटतो आणि टाके एकावर एक बसतात, तेव्हा वर बटर पेपरची पट्टी ठेवून शिवा, नंतर ओढून फाडून टाका. शिवण उसवायची वेळ येऊ नये म्हणून आधी जुन्या चादरीत एक नळी शिवून मुलाच्या पायावर बघाच. हे टाळू नका, रेक्झिनमध्ये दुरुस्ती होत नाही.

खाली तळव्याखालून जाड इलॅस्टिकची पट्टी, टाचेच्या जरा पुढे, म्हणजे चालताना नळी वर सरकत नाही. बुटाला टाच असली की पट्टी त्या खाचेत बसते आणि झिजत नाही. वर गुडघ्यापाशी आतून बकरमची (खळीच्या ताठ कापडाची) दोन इंची पट्टी, नाहीतर पोटरीवर सगळं गोळा होऊन बसेल. क्लाइव्हसाठी वरचा भाग गुडघ्यावर रुंद करा आणि बाहेर मुडपा. मुडपलेला भाग फिकट तपकिरी घ्या, खाली काळा. शिपायांना मांजरपाट किंवा कॅनव्हास आणि बाहेरच्या बाजूला बटणं. बटणं खोटी, नुसती टाकलेली. उघडझाप मागेच ठेवा, घाईत बटणं लावत बसता येत नाही.

वॉटसनच्या जोड्यांवर बक्कल हवं. जुन्या पर्सच्या पट्ट्यांवर चौकोनी बक्कल असतं, ते रुंद काळ्या इलॅस्टिकमध्ये ओवून जोड्यावरून चढवायचं. जोडा खराब होत नाही, दुसऱ्या दिवशी तोच घालून माणूस कामावर जाऊ शकतो.

कोट. आधी ब्लेझरच्या खांद्यातले पॅड काढा, त्या काळचे खांदे उतरते असत. आज सगळ्यात आधी डोळ्यांत भरतात ते ताठ खांदे, आणि तेवढे गेले की कोट दोनशे वर्षं मागे जातो. कॉलर उसवून गळा गोल करा, लेसने गोट घाला. मग कमरेच्या रेषेवर कापा आणि खाली नवा घेर जोडा. मागे दोन भाग, मध्ये उघडे, पुढे दोन. झगा कशाने होतो तर घेर सगळीकडे सारखा वाटला की. पुढचे भाग सरळ ठेवा, जवळजवळ चुणी नाही. सगळा घेर बाजूच्या शिवणीत घाला. प्रत्येक बाजूला एक मोठी कळी, खाली अठरा इंच तरी रुंद, आणि तिच्या तीन चुण्या करून कमरेशी पक्क्या दाबून शिवा, वर एक एक बटण. बाजूने पंखा उघडतो, पुढून कोट सपाट राहतो. ब्लेझरचा निळा आणि नवा निळा जुळत नाहीत, तेव्हा कमरेच्या जोडावर खिशाचं मोठं झाकण आणा, आणि हातांना सहा इंची पांढरे कफ. डोळा तिकडे जातो, रंगाचा फरक जाणवत नाही.

दशावतारी_कुडाळ

बाय, मी थोडक्यात सांगतंय. आमचो धंदो रात्रभर उभ्यान घालूचो, म्हणान घाम माका ठावक आसा. कोटाच्या आत अस्तर घालू नको. ब्लेझराचा असलेला पण काखेकडला काप. दिव्याखाली पोरगो भिजतलो आणि निळो रंग तुझ्या पांढऱ्या कफार उतरतलो. कफ आणि छातीवरच्यो पट्ट्यो टिचबटणान लाव. धुवूक येगळे, बदलूक येगळे.

दुसरा म्हणजे, वेलक्रो लावू नको. पडद्यामागे उघडलंस की चर्र करून आवाज येता, आणि नेमको तेवाच रंगमंचार कोण तरी हळू बोलत असता. मागे हूक लाव, नायतर नाडी ओव.

आणि नळी चढवन पोराक जिनो चढूक लाय, खाली बसाक लाय, तलवार काढूक लाय. उभ्यान बघून काय कळना नाय.

फॉलपिको_गिर्ये

सगळ्यांचे मनापासून आभार. कालच भाच्याला बूट घालून उभा केला आणि चिकटपट्टी गुंडाळली. तो क्लाइव्ह आहे. चादरीची नळी छान बसली, फक्त गुडघा वाकवला की मागून वरची कड मांडीत रुतते. तिथे नळी खाली घेऊ का?

आणि तीन टोकांच्या टोपीला बकरम पुरेल का? रात्री पूजेच्या मांडवात दव पडतं, बकरम मऊ पडेल अशी भीती वाटते. आमच्याकडे माघात पहाटेपर्यंत सगळं ओलसर असतं.

जुनी_गलबतं, एक विचारायचं राहिलं. आंग्र्यांचं आरमार जळतं तो प्रसंग पोरांनी शेवटी घेतलाय. आग आधी कुठे लागली ते खात्रीने सांगता येईल का? त्याप्रमाणे कोण कुठल्या बाजूने धावत येईल आणि कोणाचे कपडे काळवंडायचे ते ठरवते.

जुनी_गलबतं

‘रेस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर तोफगोळा पडून आग लागली. ते मूळचं कंपनीचंच जहाज, आंग्र्यांनी पूर्वी पकडून आपल्या आरमारात घेतलेलं. तिथून आग शेजारच्या गलबतांवर गेली, कारण सगळी एकमेकांना बांधून ठेवलेली होती. तेव्हा काळवंडायचे ते जहाजांवरच्या आंग्र्यांच्या माणसांचे कपडे. वॉटसन आणि त्याच्या लोकांचे पांढरे कफ स्वच्छ राहू द्या. मागे आरमार जळतंय आणि पुढे पांढराशुभ्र कफ, हे एवढं दिसलं तरी पुष्कळ सांगून जाईल.

कातर_रत्नागिरी

ताई, नळी खाली घेऊ नका, क्लाइव्हची ऐट जाईल. मागच्या बाजूने वरची कड अर्धचंद्रासारखी कापा, मध्यात अडीच इंच खोल, पुढे गुडघ्यावर मूळ उंची ठेवा. खऱ्या घोडेस्वारी बुटांनाही मागे असाच उतार असतो. कापलेल्या कडेला आतून सुती पट्टीची पायपीन घाला, उघडं रेक्झिन मांडीला घासलं की साल निघते.

टोपीसाठी एकटं बकरम पुरणार नाही. दवात ते मऊ पडतंच. जुनी फेल्टची टोपी मिळाली तर सर्वांत उत्तम, कड वर मुडपून तीन ठिकाणी हाताने टाचा. नाही मिळाली तर बकरमचे दोन थर, मध्ये कडेला बारीक तार, वर काळं केसमेंट. तारेची दोन्ही टोकं वळवून चिकटपट्टीत गुंडाळा, कपाळाला लागता कामा नयेत. आकार तारेने धरला की बकरम मऊ पडलं तरी टोपी पडत नाही.

केसमेंट कापण्याआधी रात्रभर भिजवून वाळवा, आटतं ते आधीच आटू दे. निळं वेगळं भिजवा, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. नाटक झाल्यावर रेक्झिनच्या नळ्या घडी घालून ठेवू नका, घडीवर तडे जातात. आत वर्तमानपत्राचे बोळे भरून उभ्या ठेवा, आणि पावसाळ्याआधी एकदा उन्हात नको, सावलीत वाऱ्यावर घाला. बुरशी आली तर व्हिनेगर लावलेल्या फडक्याने पुसा, कोरड्या फडक्याने परत पुसा. पुढच्या वर्षी शिपाई दुसरे असतील, पण गेटर त्याच कामाला येतील, म्हणून मागच्या दीड इंचातलं जास्तीचं कापड कापून टाकू नका, आत मुडपून ठेवा. जाड पोटरीचा मुलगा आला की हूक सरकवले की झालं.