मदत हवी आहे: गोठ्यात गोचीड नाही, तरी वासराला थायलेरिया कसा?

वारणाकाठ
वासराला सडकून ताप आहे. खांद्यापुढची गाठ सुजली आहे, हिरड्या पांढऱ्या पडल्यात. डॉक्टरांनी रक्त तपासायला पाठवलं, थायलेरिया (गोचिडाने पसरणारा रक्तातला जंतू, गोचीड ताप) निघाला. गोठा धुऊन काढतो, फवारणी वेळेवर असते, अंगावर एक गोचीड नाही. मग आला कुठून? गाईच्या पोटातूनच येतो का? शेजारी म्हणतात रिपोर्ट चुकलाय, कुणी म्हणतं गाय बाजार दाखव. लवकर सांगा, वासरू कालवड आहे, फार जीव लागलाय.

पशुवैद्य_फलटण
दादा, वासरू किती दिवसांचं? ताप कोणत्या दिवशी चढला? गाय घरची की विकतची? गाभण असताना आजारी होती का? तपासणी काचपट्टीवर झाली की पीसीआर (जंतूचा डीएनए शोधणारी चाचणी)? एवढं सांगा, मग बोलू.

गोठा_संगमनेर
आयव्हरमेक्टिन टोचून घ्या आणि मोकळे व्हा. आमच्याकडे वर्षातून दोनदा सगळ्या जनावरांना देतो, गोचीड ताप माहीत नाही.

पशुवैद्य_फलटण
आयव्हरमेक्टिन अंगावरच्या गोचिडांसाठी. रक्तातल्या थायलेरियावर त्याचा उपयोग नाही. आजारी तान्ह्या वासराला असं काही परस्पर टोचू नका.

वारणाकाठ
एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित आहे. जन्मल्यावर तिसऱ्या दिवशी ताप चढला, १०५ होता. काचपट्टी बघितली, गाठीतलं पाणीही सुईने काढून बघितलं. गाय पहिल्या वेताची, सातव्या महिन्यात बाजारातून आणली. आणल्यावर ताप आला होता, तेव्हा इंजेक्शनं झाली आणि बरी झाली. त्याचा आता काय संबंध?

पशुवैद्य_फलटण
सगळा संबंध तिथेच आहे. थायलेरिया चढायला गोचीड चिकटून दोन-तीन दिवस रक्त प्यावा लागतो, तेव्हा त्याच्या लाळेत जंतू तयार होतात. त्यानंतर ते वासराच्या पांढऱ्या पेशींत शिरतात, तिथे वाढतात, मग तांबड्या पेशींत उतरतात. गोचीड चावल्यापासून ताप यायला साधारण एक ते तीन आठवडे जातात. तिसऱ्या दिवशी ताप आणि गाठ दोन्ही असतील, तर जन्मानंतरच्या गोचिडाचा हिशेब बसत नाही. गाईकडून वारेतून आलेला धरावा लागतो. असं कमी घडतं, पण भारतात नवजात वासरांत याच्या नोंदी आहेत. गाय इंजेक्शनने उभी राहिली तरी तिच्या रक्तात थोडे जंतू पुढेही राहू शकतात. गाठीतल्या पेशींत थायलेरियाचे निळे गोळे दिसले असतील तर रिपोर्टवर शंका नको.

डांगी_प्रेमी
म्हणूनच सांगतो, एचएफच्या नादाला लागू नका. देशी गाईला गोचीड तापाचं काही वाटत नाही.

गोठा_संगमनेर
देशीला होत नाही हे चूक. साहिवालसारख्या जनावराला त्रास कमी होतो, हे खरं. पण जंतू तिच्याही रक्तात राहतात. आणि दूध कुठून आणायचं? सध्या दराचं काय चाललंय ते बघताय ना.

कोल्हापूर_श्वानमित्र
माझ्या लॅब्राडॉर कुत्रीला बॅबेसिया (हाही गोचिडाने पसरणारा रक्तातला जंतू) आहे आणि ती गाभण आहे. पिल्लांना होईल का? कुणी सांगेल का?

डांगी_प्रेमी
मूळ प्रश्नावर या. गाईचा चीक बंद करा आणि दुसऱ्या गाईचं दूध पाजा. दुधातूनच जातो हा.

पशुवैद्य_फलटण
कृपा करून चीक बंद करायला सांगू नका. गाईच्या वारेतून आईची प्रतिकारशक्ती वासराला मिळतच नाही, ती सगळी चिकातून येते, तीही पहिल्या काही तासांत. दुधातून थायलेरिया जाईल या भीतीने दूध तोडायचं कारण नाही. आजारी वासराचं दूध तोडलं तर अशक्तपणाच त्याला नेईल.

श्वानमित्र, तुमचा प्रश्नही खरा आहे. कुत्र्यातला बॅबेसिया गिब्सोनी आईकडून पोटातल्या पिल्लांना जातो, जपानमध्ये २००५ साली प्रयोगात दिसलं, पिल्लं दगावली. तुमच्या डॉक्टरांना आत्ताच सांगून ठेवा, आणि पिल्लांचं रक्त जन्मल्यावर बघा. हा वेगळा जंतू आहे, गाईच्या औषधाची माहिती त्याला लावू नका.

रेसकोर्सवाला
घोड्यांत तर हे जुनं दुखणं आहे. थायलेरिया इक्वी असलेली घोडी वर्षानुवर्षं वाहक राहते, शिंगरू पोटातच दगावू शकतं किंवा आजारी जन्मू शकतं. म्हणून घोडा परदेशी नेताना रक्त तपासतात.

वारणाकाठ
ते ठीक, पण माझ्या कालवडीचं काय? आज बुपारवाक्वोन (थायलेरियावरचं औषध) दिलं. आणखी एकाने डायमिनाझिन द्या म्हणून सांगितलं.

पशुवैद्य_फलटण
डायमिनाझिन बॅबेसियासाठी, त्यात लघवी तांबडी होते. तुमच्याकडे तसं नाही, थायलेरिया सापडलाय. बुपारवाक्वोनची मात्रा २० किलोला १ मिली, खोल स्नायूत. ४८ ते ७२ तासांनी पुन्हा लागते की नाही ते तुमचे डॉक्टर ठरवतील. हिरड्या फारच पांढऱ्या असतील तर रक्त चढवायचं विचारा, त्याने वासरू वाचू शकतं. डॉक्टर मिळाले नाहीत तर १९६२ या जनावरांच्या मदत क्रमांकावर फोन लावा.

आणि गोठ्यात गोचीड नाही असं ठरवून टाकू नका. थायलेरियाचा गोचीड भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत दडतो, अंगावर सारखा बसून राहत नाही. भेगा सिमेंटने बुजवा. गाईचंही रक्त तपासा.

वारणाकाठ
गाय विकू का मग?

पशुवैद्य_फलटण
नको. वाहक गाय पुढच्या प्रत्येक वासराला देईलच असं नाही. मुख्य धोका तिच्या अंगावरचा गोचीड, तो दुसऱ्या जनावरावर गेला की आजार पसरतो. बाजारात नेलीत तर दुखणं दुसऱ्याच्या गोठ्यात जाईल. पुढच्या वेळी गाभण असताना ताप आला तर लगेच रक्त बघा, ताप उतरला म्हणून सोडू नका.

वारणाकाठ
आज ताप १०३ वर आला. बाटली ओढतेय, स्वतः उभी राहिली. गाईचं रक्त आज काढलं, जांभळ्या झाकणाच्या नळीत. रिपोर्ट आला की टाकतो.

गोठा_संगमनेर
नक्की टाका. आमच्या दोन गाई आठव्या महिन्यात आहेत, त्यातली एक बाजारातलीच आहे. उद्या मीही रक्त काढून घेतो.