आंद्रे मेसाजे: कंडक्टर म्हणूनच का लक्षात राहिला?

सूरपिसा
फ्रेंच संगीतकार देब्युसीच्या 'पेलेआस ए मेलिझांद' या ऑपेराबद्दल कुठेही वाचायला गेलं की एक नाव हमखास येतं, आंद्रे मेसाजे. ३० एप्रिल १९०२ला पॅरिसच्या ओपेरा-कोमिक या थिएटरमध्ये पहिला प्रयोग याने कंडक्ट केला (म्हणजे ऑर्केस्ट्रा चालवला), आणि देब्युसीने स्कोअर, म्हणजे लिहिलेलं संगीत, ज्या दोघांना अर्पण केला त्यातला एक हाच, दुसरे त्याचे दिवंगत प्रकाशक हार्टमान. पण मग कळलं की हा माणूस स्वतः संगीतकार होता, ऑपेरा, ऑपेरेटा (म्हणजे हलकाफुलका ऑपेरा), बॅले सगळं लिहिलंय, आणि एकेकाळी जाम लोकप्रिय होता. मग आज त्याच्या संगीताचं नाव एवढं कमी का निघतं? कंडक्टिंगच्या नादात लिहिणं मागे पडलं, की मुळात ते संगीतच हलकंफुलकं म्हणून लोकांनी सोडून दिलं? आणि ऐकायचं झालं तर सुरुवात कशापासून करू?

पडद्यामागचा
दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत पण आधी एक सांगतो, 'पेलेआस'मधलं त्याचं काम फक्त काठी हलवण्याचं नव्हतं. ओपेरा-कोमिकचा डायरेक्टर आल्बेर कारे, त्याच्याकडे मेसाजे १८९८पासून संगीताची सगळी बाजू सांभाळत होता, आणि हे ऑपेरा तिथे व्हायलाच पाहिजे म्हणून कारेच्या मागे लागणारा हाच. बरं रिहर्सल सुरू झाल्यावर लक्षात आलं की सीन बदलायला वेळ पुरत नाहीये, स्टेज लहान, सेट भरपूर. मग दोन सीनच्या मधलं ऑर्केस्ट्राचं संगीत वाढवायला हवं, आणि देब्युसी वैतागला, पण लिहायला बसला, आणि मेसाजे रोज त्याच्या घरी जाऊन जेवढं लिहून झालंय तेवढं कागद उचलून आणायचा. आज 'पेलेआस'मधले ते मधले तुकडे लोक अगदी कान देऊन ऐकतात, ते आज आहेत तेवढे लांब झाले ते या धावपळीत.

त्यात बाहेरून वेगळाच तमाशा चालू. मेटरलिंक, म्हणजे मूळ नाटकाचा लेखक, त्याला मेलिझांद म्हणून आपली जोडीदार जॉर्जेट लब्लाँ हवी होती, घेतली मॅरी गार्डनला, तर याने पेपरात जाहीर पत्र लिहून ऑपेरा आपटावं अशी इच्छा व्यक्त केली. जनरल रिहर्सलला प्रेक्षकांत हशा, गार्डनच्या फ्रेंच उच्चारांची टिंगल. अशा वेळी ऑर्केस्ट्रा आणि गायक दोघांना धरून ठेवणारा माणूस खड्ड्यात लागतो, म्हणजे ऑर्केस्ट्रा बसतो त्या खड्ड्यात. आणि गंमत बघा, पहिले काही प्रयोग करून मेसाजेला लंडनला जावं लागलं कारण १९०१पासून तिथल्या कव्हेंट गार्डन ऑपेरा हाऊसची पण जबाबदारी त्याच्याचकडे होती. पुढचे प्रयोग कोरस बसवणाऱ्या आँरी ब्युसेरने केले आणि देब्युसीला मेसाजेची उणीव चांगलीच जाणवली.

क्लॅरिनेटवाली
क्लॅरिनेट वाजवणाऱ्यांना विचारा, आमच्यासाठी मेसाजे आधी संगीतकारच आहे :) १८९९मध्ये त्याने पॅरिस कॉन्झर्वेटरीच्या परीक्षेसाठी एक 'सोलो द कोंकूर' लिहिला, तो अजून सगळीकडे वाजतो. परीक्षेचा तुकडा म्हटलं की नुसती बोटांची कसरत असणार असं वाटतं पण त्याचा मधला संथ भाग ऐका, तिथे वाद्य अक्षरशः गातं, श्वास कुठे घ्यायचा ते स्वरांमध्येच लिहिल्यासारखं आहे. हा गायकांसोबत आयुष्य काढलेला माणूस आहे हे तिथे लगेच कळतं.

जुनीतबकडी
कंडक्टिंगमुळे लिहिणं मागे पडलं का, तर हो, तारखा बघा. १८९०ला 'ला बाझोश', १८९३ला 'मादाम क्रिझांतेम', १८९७ला 'ले प्तीत मिशू', १८९८ला 'वेरोनिक' आणि ते तर प्रचंड चाललं, पॅरिसनंतर १९०४ला लंडनमध्येही. म्हणजे माणूस अगदी फॉर्मात, आणि नेमकं १८९८लाच ओपेरा-कोमिकची नोकरी. त्यानंतर १९०५पर्यंत रंगभूमीसाठी नवीन मोठं काही नाही. मग १९०७ला 'फोर्त्युनिओ', आणि १९०८ला पॅरिस ऑपेराचं डायरेक्टरपद, ते पण ब्रूसाँ नावाच्या दुसऱ्या डायरेक्टरबरोबर भागीदारीत, आणि त्याच सुमारास कॉन्झर्वेटरीच्या कॉन्सर्ट सोसायटीचा ऑर्केस्ट्राही. जानेवारी १९१४मध्ये पॅरिस ऑपेरात वाग्नरचं 'पार्सिफाल' झालं तेसुद्धा याच्याच हाताखाली. एवढं सगळं करून लिहायला वेळ कुठून आणणार?

पण मला स्वतःला वाटतं की खरा तोटा वेळेचा नाही झाला, नावाचा झाला. पॅरिसच्या गंभीर संगीतवाल्यांना तो ऑपेरेटावाला वाटायचा, आणि ऑपेरेटाच्या प्रेक्षकांना तो वाग्नर कंडक्ट करणारा मोठा माणूस. त्याच्याइतका दोन्हीकडे मनापासून रमलेला माणूस त्या काळात मला तरी दुसरा दिसत नाही. निडरमायर स्कूलमध्ये शिकला, तिथून संगीतकार फोरेशी जी मैत्री झाली ती जन्मभर टिकली, दोघं जर्मनीत बायरॉइटला, वाग्नरच्याच नाट्यगृहात, वाग्नर ऐकायला जायचे, इतके वेडे, आणि परत येऊन दोघांनी मिळून एकाच पियानोवर चार हातांनी वाजवायला वाग्नरच्या 'रिंग' या ऑपेरामालिकेच्या सुरांचा चक्क नाचायचा कॉड्रिल केला! ज्याच्यावर जीव आहे त्याचीच अशी थट्टा करता येते.

पडद्यामागचा
@जुनीतबकडी नावाबद्दल पटलं, पण एक भर घालतो. कंडक्टिंगने त्याचं लिहिणं सुधारलंही. 'फोर्त्युनिओ'मध्ये नायक एक गाणं म्हणतो, मी कुणावर प्रेम करतो ते तुम्हाला सांगेन असं वाटत असेल तर विसरा, साम्राज्य दिलंत तरी नाव घेणार नाही, अशा अर्थाचं. शब्द फ्रेंच लेखक म्युसेच्या नाटकातले. ते बुजऱ्या पोराचं गाणं आहे आणि मेसाजेने ऑर्केस्ट्रा इतका बाजूला ठेवलाय की प्रत्येक शब्द कानावर पडतो. रोज रात्री खड्ड्यात उभं राहून गायकांचे शब्द वाद्यांखाली बुडताना ज्याने ऐकलेत त्यालाच हे सुचणार. ऑपेरेटाचं ऑर्केस्ट्रेशन बरेच संगीतकार दुसऱ्याकडून करून घ्यायचे, हा स्वतः करायचा.

सूरपिसा
वा, एवढी माहिती मिळेल असं वाटलं नव्हतं, खूप आभार. म्हणजे १९१४नंतर परत लिहायला लागला का? आणि सुरुवात कशापासून ते सांगा ना कुणीतरी.

जुनीतबकडी
लागला की. १९१९ला 'मस्य बोकेर', ते तर इंग्रजीत, पहिला प्रयोग बर्मिंगहॅमला, मॅगी टेट नायिका. १९२३ला नाटककार साशा गित्रीबरोबर 'लामूर मास्के', गायिका-नटी इव्होन प्रँताँसाठी, त्यात जॅझच्या जमान्याची हवा आहे तरी चाल अगदी त्याचीच. सत्तरीच्या आसपासचा माणूस हे लिहितोय हो! शेवटचं 'कू द रुली' १९२८चं, आणि फेब्रुवारी १९२९मध्ये गेला.

सुरुवात 'फोर्त्युनिओ'पासूनच करा, जॉन एलियट गार्डिनरने लियों ऑपेरासोबत केलेलं रेकॉर्डिंग आहे, सुंदर आहे. फ्रेंच येत नसेल तर शब्दांचा अनुवाद समोर ठेवा, नाहीतर अर्धी मजा जाते.

क्लॅरिनेटवाली
आणि 'वेरोनिक'मधली झोपाळ्याची आणि गाढवाची द्वंद्वगीतं! दोन्ही दुसऱ्या अंकात आहेत. गाढवाच्या गाण्यात त्या चालण्याचा ठेका ऑर्केस्ट्रातच आहे, गायक त्याच्यावर निवांत हेलकावत जातात. मग 'ले द पिजाँ' हा १८८६चा बॅले. मला विचाराल तर 'फोर्त्युनिओ'च्या आधी झोपाळाच ऐका, चार-पाच मिनिटांत कळेल हा माणूस आपला आहे की नाही.