नळाला आठ दिवसांनी पाणी, तरी गल्ली गप्प का?

गल्लीकर:
आमचं तालुक्याचं गाव. चार वर्षं झाली, नळाला आठव्या दिवशी पाणी येतं, तेही पाऊण तास. पाणीपट्टी मात्र अख्ख्या वर्षाची भरतो. मागच्या महिन्यात निवेदन द्यायचं ठरवलं, घरोघर सांगून आलो. सगळे "हो हो, येतो" म्हणाले. आलो ते अकराजण, त्यातले दोन माझे सख्खे भाऊ. याच महाराष्ट्रात १९७२ नंतर महागाईविरुद्ध बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या होत्या. त्या माणसांत असं काय होतं, जे आमच्यात नाही? ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांनी सांगावं.

लालबागची काकू:
मी होते त्या मोर्च्यात. वय चोवीस, लग्नाला तीन वर्षं. आमच्यात वेगळं काही नव्हतं रे बाळा, रांग होती. रॉकेलसाठी पहाटे डबे लावायचे, मग रेशनला उभं राहायचं. तीन-तीन तास एकीच्या मागे एक उभ्या राहिलो की कुणाच्या घरी काल चूल पेटली नाही ते न सांगता कळतं. मोर्च्याच्या पुढारी मृणालताई गोरे समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट, हे मला पुष्कळ नंतर समजलं. महागाई प्रतिकार समितीच्या बायका त्या रांगेतच येऊन बोलायच्या. सभेला कोण गेलं असतं?

घरात लाटणं एकच. मोर्च्याहून आले ती तशीच पोळ्या लाटायला बसले, कारण ह्यांची रात्रपाळी होती.

तुझ्या गल्लीत रांग कुठे लागते ते बघ आधी.

कोयनाकाठ:
काकूंचं पटलं, पण भीतीचंही बोलायला हवं. माझे वडील कराडला शिक्षक होते. आणीबाणीत आमच्या घरी दार लोटून, रेडिओचा आवाज बारीक करून बातम्या ऐकत. डिसेंबर १९७५ मध्ये कराडच्या साहित्य संमेलनात अध्यक्ष दुर्गाबाई भागवत आणीबाणीविरुद्ध उघड बोलल्या. वडील मांडवात होते. घरी आल्यावर त्यांनी जेवण झाल्यावर, आम्ही झोपलोय असं समजून, आईला सगळं सांगितलं. शाळेत एक शब्द नाही. नोकरी होती, आम्ही तिघं भावंडं होतो. मार्च १९७७ ला मात्र मतदानाला सकाळी सातच्या आधी जाऊन उभे राहिले. रायबरेलीत इंदिरा गांधी पडल्या, इकडे उत्तर मुंबईतून मृणालताई, गोरेगावच्या पाण्यासाठी लढल्या म्हणून लोक त्यांना पाणीवाली बाई म्हणत, निवडून आल्या आणि "पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात" ही घोषणा आमच्या गल्लीतली पोरंही द्यायला लागली. गप्प माणसाला लगेच बेफिकीर म्हणू नका. तुमच्याकडे कुणाचं दुकानाचं लायसन, कुणाचं बांधकाम अडकलंय का, ते बघा.

गल्लीकर:
काकू, काल पाण्याचा दिवस होता. तुमचं वाचून गल्लीभर फिरलो. चाळीस घरांपैकी चौदांकडे बोअर. बाकी बहुतेकांच्या गच्चीवर दोन-दोन हजार लिटरच्या टाक्या, उन्हाळ्यात टँकर. माझ्याकडेही टाकी आहे. आम्ही चार वर्षांत एकमेकांना पाण्यासाठी उभं असलेलं पाहिलेलंच नाही. जो तो पैसे टाकून आपापल्यापुरता सुटला. दुकानदार दोघं आहेत, ते लायसनमुळे बिचकत असतील. बाकीच्यांना तेवढीही अडचण नाही.

रांग लागते ती गल्लीच्या टोकाला, भाड्याच्या खोल्यांपाशी, सार्वजनिक नळावर. तिथे मी निवेदन घेऊन गेलोच नव्हतो! काल तासभर उभा राहिलो. एक बाई म्हणाली, पाणी किती वाजता येणार एवढं तरी आदल्या दिवशी फळ्यावर लिहा म्हणावं, माझा कामाचा खाडा होतो. माझ्या दोन पानी निवेदनात हे कुठेच नव्हतं. आता मागणी त्या बाईचीच ठेवतोय. बाया यायला तयार आहेत. दिवस कुठला धरू?

लालबागची काकू:
दिवस त्यांनाच ठरवू दे. आमच्या मजल्यावरून सातजणी जाऊ शकलो, कारण शेजारच्या आजी सगळ्यांची पोरं घेऊन बसल्या होत्या. आधी पोरं कोण सांभाळणार ते विचार.