राष्ट्रीय स्नूकर स्पर्धा: बिलियर्ड्सच्या नादात आपण स्नूकर घालवलं का?

कॉर्नर पॉकेट

थेट मुद्द्यावर येतो. राष्ट्रीय स्नूकर स्पर्धा आपल्याकडे 1939 पासून आहे, रणजी करंडकाहून जेमतेम पाच वर्षांनी धाकटी. तरी व्यावसायिक स्नूकरचा जगज्जेता आपल्यातून एकही झाला नाही. माझं स्पष्ट मत: याला ही स्पर्धाच जबाबदार आहे. ती कायम बिलियर्ड्सच्या ताटाखालचं मांजर होऊन राहिली.

रेकॉर्ड बघा. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स: बिलियर्ड्सचं राष्ट्रीय विजेतेपद बारा वेळा, स्नूकरचं पाच वेळा. आज कुणाला आठवतात ते? ज्यांना आठवतात त्यांना 1958 आणि 1964 चे बिलियर्ड्सचे जागतिक हौशी विजेते म्हणून. मुंबईचे मायकेल फरेरा, तेच. गीत सेठींनी 1985 ते 1988 सलग चार वर्षं दोन्ही राष्ट्रीय विजेतेपदं खिशात घातली. लोक याला पराक्रम म्हणतात, आणि आहेच तो. पण बिलियर्ड्सचा अव्वल माणूस येऊन सलग चार वर्षं स्नूकरही जिंकून जातो, तेव्हा फक्त स्नूकरवर जीव टाकणारी फळी त्या स्पर्धेने घडवलीच नाही, असंही दिसतं.

टेबल तेच असलं तरी हात वेगळा लागतो. बिलियर्ड्सला तीन बॉल. कॅनन (आपला बॉल दुसऱ्या दोन्ही बॉलांना लावणं), इन-ऑफ (दुसऱ्या बॉलला लागून आपला बॉल पॉकेटमध्ये), रेड पॉट (लाल बॉल पॉकेटमध्ये घालणं). मोठा ब्रेक (एका पाळीतले सलग गुण) करायचा तर बॉल टेबलाच्या वरच्या टोकाला गोळा करायचे आणि अलगद, वीतभर अंतरात खेळवत ठेवायचे. स्नूकरमध्ये समोरचा सेफ्टी, म्हणजे बचावाचा शॉट, खेळून पांढरा बॉल पार मागच्या कुशनला चिकटवून ठेवतो आणि तिथून आठ-नऊ फुटांवरचा रेड तुम्हाला घालायचा असतो. हुकलात की तो साठ-सत्तर करून फ्रेम, म्हणजे तो डाव, घेऊन जातो. लाँग पॉटची ही सवय बिलियर्ड्सने लागत नाही.

तीन चेंडू

तुमचं रेकॉर्ड बरोबर, निष्कर्ष उलटा.

1939 साली बिलियर्ड्स मोठा आणि स्नूकर छोटा, हे फक्त कलकत्त्यात आणि मुंबईत नव्हतं, सगळ्या जगात होतं. जो डेव्हिस, ज्याने 1927 ची पहिली जागतिक व्यावसायिक स्नूकर स्पर्धा जिंकली, तो 1928 साली बिलियर्ड्सचाही जगज्जेता झाला. त्या पहिल्या स्नूकर स्पर्धेचं त्याला बक्षीस मिळालं साडेसहा पौंड! इंग्लंडात चक्र फिरलं ते 1969 नंतर. बीबीसीला रंगीत टीव्ही विकायचा होता आणि रंगीत टीव्हीवर दाखवायला रंगीत बॉलांइतकं स्वस्त काही नव्हतं. आपल्याकडे रंगीत दूरदर्शन आलं 1982 साली, आणि तेव्हा आख्खा देश क्रिकेट बघत होता. यात राष्ट्रीय स्पर्धेचा काय दोष?

दुसरं, बिलियर्ड्सने हात बिघडतो हे कुणी सांगितलं? बिलियर्ड्सही खेळणाऱ्या पंकज अडवाणीने 2003 साली जिआंगमेनला जागतिक हौशी स्नूकर जिंकलं, वय 18. त्याच वर्षी तो राष्ट्रीय स्नूकर विजेता झाला होता. सेठींनी राष्ट्रीय स्पर्धेत 147 चा ब्रेक केलाय. पंधरा रेड, पंधरा ब्लॅक, सगळे रंग. हे बिघडलेल्या हाताचं काम?

जबलपूरवाला

खेळ जन्मला आमच्या जबलपुरात, 1875 साली, लष्करी मेसमध्ये. नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्याने (ब्रिटनचा पंतप्रधान झाला तो वेगळा). नियम उटीच्या क्लबात ठरले. आणि आपण इथे भांडतोय की खेळ आपला होता की नाही.

तीन चेंडू

जबलपूरवाले, तो खेळ आपला नव्हता, मेसमधल्या साहेबांचा होता. आपले लोक तेव्हा बॉल मांडत होते आणि गुण मोजत होते.

यॉर्कशायरचा पाऊस

मी बारा गावचं पाणी पिऊन आता शेफिल्डजवळ आहे, त्यामुळे थोडं इकडचं सांगतो. स्नूकरची इंग्लिश अमॅच्युअर, म्हणजे हौशी, स्पर्धा 1916 पासून चालू आहे. तिच्याकडे बघितलं की कॉर्नर पॉकेट यांचा अर्धा मुद्दा पटतो, पण कारण वेगळं दिसतं.

1964 च्या अंतिम सामन्यात रे रीअर्डनने जॉन स्पेन्सरला हरवलं. 1966 ला स्पेन्सर जिंकला. 1969 ला स्पेन्सर व्यावसायिक जगज्जेता, 1970 ला रीअर्डन. टेरी ग्रिफिथ्स 1977 आणि 1978 चा हौशी विजेता, लगेच व्यावसायिक झाला आणि 1979 ला क्रूसिबल, म्हणजे शेफिल्डची जागतिक व्यावसायिक स्पर्धा, जिंकून मोकळा. जिमी व्हाइट 1979 चा. म्हणजे इकडे हौशी विजेतेपद ही जिन्याची शेवटची पायरी असायची, पुढे दार होतं. आपल्याकडे राष्ट्रीय विजेता झालात की पुढे काय? जागतिक हौशी स्पर्धा. ती जिंकलीत की पुढच्या वर्षी परत राष्ट्रीय.

ओम अगरवाल यांचंच घ्या. 1984 साली डब्लिनला वेल्सच्या टेरी पार्सन्सला 11-7 हरवून जागतिक हौशी स्नूकर विजेता झालेला पहिला भारतीय. वर्ष लक्षात घ्या, कपिलदेवच्या विश्वचषकानंतर एकाच वर्षाने. या धाग्यावर तिघांनी लिहून झालं तरी त्यांचं नाव निघालं नव्हतं!

पार्लरवाला

सगळे क्लब आणि चँपियनच्या गोष्टी करताय. मी पंधरा-सोळा वर्षं ठाणे जिल्ह्यात स्नूकर पार्लर चालवतो, जरा खालून सांगतो.

राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली तेव्हा टेबल होतं कुठे? जिमखान्यात, राजवाड्यात, मोठ्या हॉटेलात. 1963 ची पहिली जागतिक हौशी स्नूकर स्पर्धा कलकत्त्याला झाली तीही ग्रेट ईस्टर्न हॉटेलात. मेंबरशिप नाही तर क्यूला हात नाही. त्या क्लबांतले मार्कर, म्हणजे गुण मोजणारे नोकर, रोज टेबल झाडायचे, मेंबरला खेळायला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचे, आणि त्यातले कितीतरी मेंबरांना धूळ चारायचे. पण पगार घेऊन टेबलावर उभा राहतो म्हणजे हौशी नाही, असा तेव्हाचा इंग्रजी दंडक. तुमच्या 1939 पासूनच्या यादीत ही माणसं कुठे आहेत?

पार्लरं आली तशी पोरं आली, पण बदनामीही आली. लायसन्सच्या चकरा, रात्रीची वेळ, आणि "स्नूकरला जातो" म्हटलं की आईबापांचं तोंड वाकडं. माझ्याकडचा एक पोरगा घरी क्लासला जातो सांगून यायचा. हात असा की लाँग रेड डोळे मिटून घालेल. बारावीनंतर बंद झाला.

आणि टेबलाचं बोला कुणीतरी. बारा बाय सहाचं टेबल, खाली स्लेट, वर लोकरीचं कापड. मी रोज सकाळी ब्रश मारतो, मग कापडाच्या लवेच्या दिशेने इस्त्री. तरी जुलैत हवा दमट झाली की कापड ओलं होतं, बॉल ओढतो, हलक्या हाताचा शॉट अर्ध्यात मरतो. बाहेर मोठ्या स्पर्धांत स्लेटखाली हीटर असतात, कापड पातळ, बॉल सुसाट पळतो. आमचा मुंबईतला पोरगा तिकडे गेला की पहिले काही दिवस पांढरा बॉल त्याच्या हातातच राहत नाही. ह्यात बिलियर्ड्सचा संबंध कुठे आला?

कॉर्नर पॉकेट

पार्लरवाले, मार्करचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याने माझंच म्हणणं पक्कं होतं. जिमखान्याच्या मेंबरांना बिलियर्ड्स आवडायचं म्हणून बिलियर्ड्स टिकलं. आणि जग पुढे गेल्यावरही टिकलं, कारण पदकं तिथे मिळत होती. बिलियर्ड्स गंभीरपणे खेळणारे देश हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. अडवाणीची जागतिक विजेतेपदं पंचवीसच्या वर आहेत, त्यातली बहुतेक बिलियर्ड्सची. सरकार विजेतेपदं मोजते, पुरस्कार देते. मग कोण कशाला शेफिल्डला जाऊन पात्रता फेरीत मार खाईल?

त्यात नोकऱ्या. राष्ट्रीय स्पर्धेचा ड्रॉ बघा. महाराष्ट्र, कर्नाटक, बंगाल यांच्या जोडीला पीएसपीबी, म्हणजे तेल कंपन्यांचं क्रीडा मंडळ, आणि रेल्वे. नावाजलेले खेळाडू बहुतांश तिथेच. पगार चालू, खेळायला रजा, राष्ट्रीय स्पर्धेत चमकलात की बढती. यॉर्कशायरचा पाऊस यांना जे दार दिसत नाही ते आम्हीच सोफा लावून बंद केलंय.

तीन चेंडू

सोफा! अहो, त्या सोफ्यावर बसून कुणी आळशी झालेलं नाही. ती नोकरी नसती तर यातले निम्मे खेळाडू वडिलांच्या दुकानात बसले असते. अडवाणी 2012 ते 2014 व्यावसायिक सर्किटवर होताच की. गेला, खेळला, परत आला. आदित्य मेहता गेला. 2013 मध्ये दिल्लीच्या इंडियन ओपनमध्ये अंतिम फेरी गाठली, चीनच्या डिंग जुनहुईने 5-0 धुतलं हे खरं, पण रँकिंग (जागतिक क्रमवारीत धरल्या जाणाऱ्या) स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचलेला पहिला भारतीय तोच. यासिन मर्चंट 1991 मध्येच व्यावसायिक झाला होता. दोन वर्षं आधी आशियाई विजेता. कुणी प्रयत्नच केला नाही असं म्हणू नका. इंग्लंडात राहायचं, तिथल्या अकादमीची फी भरायची, पहिल्या फेरीत हरलात तर बहुतेक ठिकाणी हात हलवत परत. हा खर्च कोण करणार?

चॉक कुठाय

इतका इतिहास झाला, एका बाईचं नाव नाही. विद्या पिल्लई 2017 मध्ये सिंगापूरला महिला जागतिक स्पर्धेचा अंतिम सामना हाँगकाँगच्या ऑन-यी विरुद्ध 6-5 ने हरली. शेवटच्या फ्रेमपर्यंत गेलेला सामना! आपल्या पुण्याची अरांचा सांचिस आहे. जिमखान्यांच्या बिलियर्ड्स रूममध्ये बायकांना कधीपासून येऊ देऊ लागले, हे विचारा कुणीतरी जुन्या मेंबराला. चेहरा बघण्यासारखा होतो.

यॉर्कशायरचा पाऊस

चॉक कुठाय, +1. आणि एक ताजं नाव राहिलं: ईशप्रीत सिंग चढ्ढा. मुंबईचा, राष्ट्रीय विजेता, 2023 मध्ये व्यावसायिक झाला, 2024 च्या इंग्लिश ओपनमध्ये उपांत्य फेरी. इकडे क्लबातले म्हातारे त्याचं आडनाव नीट उच्चारायला शिकताहेत.

कॉर्नर पॉकेट

बघा! मुख्यतः स्नूकरसाठी ओळखला जाणारा खेळाडू. म्हणून म्हणतो, राष्ट्रीय स्नूकर वेगळी काढा. वेगळं शहर, वेगळा महिना. बिलियर्ड्स, पंधरा रेडचं स्नूकर, सहा रेडचं स्नूकर, ज्युनियर, महिला असा आठवडे-आठवडे चालणारा मेळा बंद करा.

पार्लरवाला

वेगळी काढायची तर जुलै-ऑगस्टात मुंबईत ठेवू नका एवढंच. इस्त्री मलाच मारायला बोलावतील.

तीन चेंडू

वेगळं शहर, वेगळा महिना म्हणजे खेळाडूला वर्षात आणखी एक प्रवास, आणखी एक हॉटेल आणि आणखी तीन आठवडे रजा. ठाण्याच्या पार्लरमधल्या पोराला ते परवडेल का? परवडेल फक्त त्याला, ज्याला तेल कंपनी पगारी रजा देते. म्हणजे कॉर्नर पॉकेट, तुमचा उपाय परत त्या सोफ्यावरच येऊन बसला.